आईचं सकाळचं वजन

आमच्या मुलुंडच्या घरात स्वयंपाकघराच्या ओट्यापुढची एकच फरशी सपाट आहे. हे आईने शोधून काढलं. वजनकाटा घरभर फिरवून ती प्रत्येक ठिकाणी उभी राहिली, आणि जिथे आकडा डळमळला नाही तिथे माझ्याकडून पेन्सिलने चार कोपरे आखून घेतले.

तिचं हृदय अशक्त झालंय. डॉक्टरांनी सांगितलं होतं, रोज सकाळी वजन बघा. दोन-तीन दिवसांत दीड-दोन किलो वाढलं तर ते पाणी साचतंय असं समजा, लगेच फोन करा. तेव्हापासून उठल्यावर, चहाच्या आधी, तोच सुती गाऊन घालून ती काट्यावर चढते. बांगड्या काढून ओट्यावर ठेवते. "सोन्याचं वजन माझ्या नावावर नको," म्हणते. खाली बघायला वाकली की आकडा हलतो, म्हणून वाचायचं काम माझं. मी वाचतो तोवर ती समोरच्या डब्यांकडे बघत ताठ उभी असते. ऐंशीला टेकलेली बाई. मला स्वतःच्या वजनाकडे बघायची हिंमत होत नाही.

मागच्या उन्हाळ्यात एका सकाळी आकडा सातशे ग्रॅमने चढलेला दिसला. मी आदल्या दिवसाचाच वाचला, "छप्पन्न." दुसऱ्या दिवशी आणखी चढला. मी पुन्हा छप्पन्न म्हणालो. तिला काळजी नको, असं तेव्हा मनाला सांगितलं. खरं सांगायचं तर भीती माझी होती. पुन्हा हॉस्पिटल, पुन्हा रजा, पुन्हा त्या बाकड्यावर बसणं मला नको होतं. हे आजवर कुणाला बोललो नाही.

तिसऱ्या दिवशीही मी छप्पन्नच म्हणालो. ती काट्यावरून उतरली नाही.

"परवा छप्पन्न, काल छप्पन्न, आज छप्पन्न. माझं वजन आहे की आपल्या दाराचा नंबर?"

मी पुन्हा काट्यावर वाकलो.

"बांगड्या आज साबण लावून काढल्या मी. नीट वाच."

"अठ्ठावन्न," मी म्हणालो.

ती उतरली. खुर्चीवर बसून तिने नडगीवर अंगठा दाबला. खळगा पडला तो लवकर भरेना. मला वाटलं, आता ऐकवेल. तिने म्हटलं, "फोन दे." डॉक्टरांना तिने स्वतः सगळं सांगितलं, बांगड्यांचंसुद्धा. माझं खोटं मात्र सांगितलं नाही. "आकडा बघण्यात चूक झाली," एवढंच. डॉक्टरांनी दोन दिवस गोळी वाढवली, दम लागला तर तडक आणा म्हणाले, आणि विचारलं, खाण्यात काय बदललं?

बदलली होती सोलकढी. उकडतंय म्हणून आठवडाभर रोज दुपारी मीच करत होतो.

"मीठ चिमूटभरही घातलं नाही गं," मी म्हणालो.

"कोकमाचं आगळ कुठलं?"

"मावशीने गावाहून पाठवलेलं."

तिने कपाळाला हात लावला. "अरे, आगळ मिठावरच तर टिकतं वर्षभर. कोकणातला ना तू?"

"मग तुला खारट नाही लागली?"

"लागली की. म्हटलं, पोराने हौसेने केलीय. दोन घोटांनी काय होतंय. मीसुद्धा चोरच."

मला तीन दिवसांत जे जमलं नाही, ते तिने बसल्या जागी कबूल केलं, आणि वर हसली. ती बाटली तिने त्याच दिवशी शेजारणीला देऊन टाकली. आकडा हळूहळू उतरला, बांगड्या सैल झाल्या. हॉस्पिटलची पायरी चढावी लागली नाही.

मी तिची माफी मागितली नाही. आमच्या घरात ती पद्धत नाही. फक्त तेव्हापासून आकडा दिसेल तसा, मोठ्याने वाचतो. आज तीनशे ग्रॅम जास्त होते.

"छप्पन्न तीनशे," मी म्हणालो.

"काल शेजारणीकडचा पापड खाल्ला मी," डब्यांकडे बघत ती म्हणाली. मग उतरून बांगड्या चढवल्या आणि चहाचं आधण ठेवलं.