जन्मावेळचं नाव

पर्मनंट रेसिडेन्सी मिळाली तेव्हा आम्ही बाहेर जेवायला गेलो होतो. नागरिकत्वाची वेळ आली तेव्हा नवरा डेअरीतून आणलेलं दूध फ्रिजमध्ये ठेवता ठेवता म्हणाला, "चला, पाच वर्षं भरली. फॉर्म भरून टाकू." मी "हं" म्हटलं.

त्या काळात मी सगळ्यालाच हं म्हणत असे. इथल्या हेन्डरसन उपनगरातल्या एका फार्मसीत दिवसभर उभं राहून लोकांच्या गोळ्या मोजायच्या, संध्याकाळी मुलीला पोहण्याच्या क्लासहून आणायचं, तिचे ओले टॉग्ज, म्हणजे पोहण्याचे कपडे, वाळत टाकायचे. दुःख म्हणावं असं काही नव्हतं. दंतवैद्याने सुई टोचलेल्या हिरडीसारखं झालं होतं. दात आहे हे ठाऊक असतं, एवढंच.

फॉर्म तसा सरळ होता. "जन्मावेळचं पूर्ण नाव" या रकान्यापाशी मी थांबले.

माझं चालू नाव मला लग्नात मिळालं. ताटात तांदूळ पसरले, नवऱ्याने अंगठीने त्यात अक्षरं काढली, नणंदेने ती मोठ्याने वाचली, पेढे वाटले गेले. नाव त्यानेच निवडलं होतं, त्याच्या नावाशी जुळतं म्हणून. दुसऱ्या दिवशी त्याच तांदळाचा भात झाला असणार, कारण सासूबाई काही वाया घालवणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्या नावाला ओ द्यायला मला वर्ष लागलं. मग पासपोर्ट, व्हिसा, फार्मसीतला छातीवरचा बिल्ला, सगळं त्याच नावाने झालं. आधीची चोवीस वर्षं ज्या नावाने काढली ते फक्त आईच्या तोंडी उरलं.

लग्नाच्या दाखल्यावर दोन्ही नावं होती, त्यामुळे मला वाटलं अडचण नाही. अडचण जन्मदाखल्यात निघाली. त्यावर वडिलांचं नाव होतं, आईचं होतं, तारीख होती, लिंग स्त्री असंही होतं. बाळाच्या नावाची जागा कोरी. आमच्याकडे बारसं बाराव्या दिवशी, आणि जन्माची नोंद त्याच्या आधीच झालेली. नगरपालिकेत पुन्हा जाऊन नाव लिहून यावं हे कुणाला सुचलंच नाही. असे कोरे दाखले आमच्या पिढीत शेकड्याने सापडतील.

नागरिकत्वाच्या कचेरीत काउंटरवरची बाई हसतमुख होती. "किया ओरा" असा इथला नमस्कार केला, कागद उलटसुलट केले आणि कोऱ्या जागेवर पेन टेकवून म्हणाली, "बट हू इज धिस बेबी?"

मी शाळेचा दाखला पुढे केला. तो चालणार नव्हता. नाव घातलेला जन्मदाखला आणा, मग स्वीट ॲज, सगळं झकास, असं तिचं म्हणणं. तिची काही चूक नव्हती.

घरी नवऱ्याने पाच मिनिटांत तोडगा काढला. "दादा ओळखतो तिथल्या कुणाला तरी. जागा कोरीच आहे ना? त्यात तुझं आत्ताचं नाव घालून घेऊ. पासपोर्टशी मॅच होईल, लग्नाचा दाखला दाखवायलाच नको. हेडेक संपला."

म्हणजे मी जन्मले त्या दिवसापासून माझं नाव तेच, जे मला लग्नात मिळालं. आणि ते ठेवणारा माणूस तेव्हा पहिलीत होता. हे मला लगेच सुचलं, थोडं हसूही आलं. पण मी "हं" म्हटलं. त्याने भावाला फोनही केला.

राहिला एक रकाना. आईचं जन्मावेळचं नाव. मी आईचं नाव लिहिलं आणि मग लक्षात आलं, हे तर तिचं सासरचं. माहेरचं मला माहीतच नव्हतं. चाळीस वर्षं जिच्या पदराला तोंड पुसलं, तिचं नाव मी कधी विचारलं नव्हतं. मी गावी फोन लावला.

"आई, लग्नाआधी तुझं नाव काय होतं?"

"कुणाचं?"

"तुझं गं. फॉर्ममध्ये लिहायचंय."

मागे कुकरची शिट्टी झाली. आईने गॅस बंद केला. "त्याचं काय आता?"

"सांग तर."

तिने सांगितलं. तीन अक्षरी, छान नाव. इतकं हळू, की मला दोनदा विचारावं लागलं.

"हे कुणाकुणाला माहीत आहे?"

"तुझ्या मामाला होतं. तो गेला. आता कुणाला नाही." मग नेहमीच्या आवाजात म्हणाली, "तुझं नीट लिहिलंस ना?"

तेव्हा मला राग आला. कितीतरी महिन्यांत पहिल्यांदा काहीतरी आलं, आणि तो राग होता. नवऱ्याचा आला, दिराचा आला, पण सगळ्यात जास्त माझ्या हं म्हणण्याचा आला. मी आईला कोऱ्या जागेचं सगळं सांगितलं.

"मी ओली बाळंतीण होते," आई म्हणाली. "तुझे बाबा म्हणाले, घालू नंतर. ते नंतर काही आलं नाही. पण आत्याने तुझ्या कानात जे नाव सांगितलं ना, ते मी ठरवलं होतं. सगळ्यांशी भांडून. दुसरं घालू देऊ नकोस. मी जाते नगरपालिकेत."

ती पाच वेळा गेली. गुडघे धरून, रिक्षाने. कधी साहेब रजेवर, कधी प्रतिज्ञापत्रावरचा शिक्का चुकीचा. दिराला एका सहीत जमलं असतं, तेही नवऱ्याने मला दोनदा ऐकवलं. त्याचा अर्ज पुढे गेला, तो माझ्या वर्षभर आधी नागरिक झाला. भांडला नाही. फक्त बॉटनी डाउन्सला मित्रांकडे जेवताना सगळ्यांसमोर म्हणाला, "हिचं गाडं नावावर अडलंय." सगळे हसले. मीही हसले.

शेवटी दाखला आला. कोऱ्या जागी माझं नाव होतं, टाइप केलेलं. मी बराच वेळ बघत राहिले आणि मला काहीही वाटलं नाही. मैत्रिणी विचारतात, मग जुनं नाव परत घेतलंस का? नाही. बँक, नोकरी, मुलीची शाळा, कोण एवढं बदलत बसणार. मला फक्त ते मुळातून पुसायला नको होतं.

शपथविधी एका सभागृहात होता. आम्ही ओळीने उभं राहून राणीशी निष्ठा राखण्याची शपथ घेतली. मग खाली बसलो आणि एकेकाचं नाव पुकारायला सुरुवात झाली. एक नाव पुकारलं गेलं, उच्चार मोडका. कुणी उठेना. पुन्हा पुकारलं. मागच्या रांगेतून मुलीने माझ्या पाठीत बोट खुपसलं.

"मम, दॅट्स यू. गो!"

लग्नातलं माझंच नाव होतं ते. मी गेले, हात मिळवला, सर्टिफिकेट घेतलं आणि सगळ्यांना देत होते तसं एका कुंडीतलं रोपटंही घेतलं. फोटोत मी हसते आहे.

घरी येऊन आईला फोन लावला. तिच्याकडे दुपार होती.

"झालं का गं?" तिने माझ्या नावाने विचारलं.

"झालं."

"आणि माझं नाव? ते कुठे होतं?"

"फॉर्मवर. माझ्या नावाखाली."

"इंग्रजीत?"

"हो."

मग म्हणाली, "वाचून दाखव."

फॉर्मची झेरॉक्स ड्रॉवरमध्ये होती, पण ती काढायची गरज नव्हती. आईला कुणी नावाने हाक मारत नाही. मी मारली. तीन अक्षरं, स्पष्ट.

मला वाटलं फोन कट झाला.

मग माजघरातून कुणी उत्तर द्यावं तसा आईचा आवाज आला.

"ओ."