न वाजलेले पेले

आमच्या चर्चमध्ये प्रभुभोजनाच्या वेळी मनुकांच्या रसाचे इवलेसे काचेचे पेले तबकात ठेवून बाकांवरून फिरवतात. पाळकसाहेबांनी ते काम शमुवेलदादाला दिलं तेव्हा त्याची दारू नुकतीच सुटली होती आणि हात थरथरत होते.

"अहो, दुसऱ्या कुणाला करू द्या," मार्थावहिनी, त्याची बायको, हळूच म्हणाली.

"प्रभूनं मला धरलंय, मी तबक धरतो," तो म्हणाला.

वेदीपासून दारापर्यंत पेले किणकिणत राहिले. ती किणकिण झाकायला आम्ही गीताचा आवाज वाढवला. पुढे सवयच झाली. प्रभुभोजनाला आमची मंडळी छप्पर उडेल अशी गाते.

आज मात्र मार्थावहिनी मधेच गायची थांबली. ती कान देऊन काहीतरी ऐकत होती. तिला पाहून एकेक जण गप्प झाला. तबक माझ्यासमोरून गेलं. पेल्यातला रससुद्धा हलला नाही. देवाची कृपा गाजतवाजत येत असेल असं मला वाटायचं. ती अशी आवाज न करता बाकांमधून चालत आली होती.

दारापाशी शमुवेलदादा गोंधळून वळला. "अरे, गा की! थांबलात कशाला?"

आम्ही गायलो. पण सूर कुणाचाच लागेना, सगळ्यांना हसू फुटत होतं.