पुढचा आकडा

दौंडच्या यार्डात मालगाडी थांबली की सोपानआप्पा वही-पेन्सिल घेऊन एकेका वाघिणीपुढे, म्हणजे मालडब्यापुढे, असे उभे राहायचे, जणू मुलगी बघायला आलेत. ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. काम एवढंच की डब्यावरचा नंबर उतरवून घ्यायचा. हुद्द्याचं नावच नंबर टेकर. पण आप्पा नंबर लिहायचे आणि तो मोडतो का, म्हणजे त्याला भाग जातो का, तेही तिथंच बघायचे. भाग गेला की म्हणायचे, "भुसभुशीत हाय." न मोडणाऱ्या, मूळ संख्येच्या वाघिणीवर मात्र हात फिरवून पुढे जायचे.

मी त्याच ऑफिसात कारकून, नवा आणि वाचाळ. आप्पा खुटबावचे, मेंढपाळाच्या घरातले. मला 'गड्या' म्हणायचे आणि 'तू'.

एका दुपारी ते ७३९३९ नंबरच्या वाघिणीपाशी अडकले. "गड्या, हिचं शेपूट झाक." मी शेवटचा नऊ झाकला. उरले ७३९३. मोडेना. मग ७३९, ७३, ७. एकही मोडेना. "ऊस कुठंबी तोडला तरी गोडच लागतोय बघ," आप्पा म्हणाले, आणि उलटे निघाले. मागे एकेक आकडा जोडायचा, आणि दर वेळी संख्या न मोडणारीच हवी.

दोन वर्षं हातानं भागाकार करत ते ७३९३९१३३ वर पोचले. सात कोटी एकोणचाळीस लाख एकोणचाळीस हजार एकशे तेहेतीस. या एकटीलाच आठ हजार सहाशेच्या आतल्या प्रत्येक मूळ संख्येनं भागून पाहावं लागलं. पुढे मात्र कुठलाही आकडा लावा, मोडायची.

"हिच्या फुडं वाट न्हाई," आप्पा म्हणाले. मग हळूच, "माझं नाव लागंल का रं हिला?"

शिरूरच्या कॉलेजातल्या एका प्राध्यापकांना विचारू, असं मीच सुचवलं. पत्र मी लिहिलं, म्हणून उत्तर माझ्याच नावावर आलं. त्यांनी आदरानं कळवलं होतं की आकडेमोड अचूक आहे, पण ही संख्या जगाला फार आधीपासून माहीत आहे. संगणक ती क्षणात काढतो.

हे आप्पांना बाजूला घेऊन सांगता आलं असतं. पण चहाची वेळ होती, आठ-दहा जण जमले होते, आणि प्रेक्षक दिसले की मला राहवत नाही. मी खुर्चीवर चढलो, चष्मा नाकावर ओढला, प्राध्यापकी आवाज काढला आणि पत्र वाचलं. शेवटी एक वाक्य पदरचं घातलं: "तरी आपण मेंढरं मोजावीत, ती अजून कुणी मोजलेली नाहीत."

ऑफिस हसून लोळलं. आप्पाही थोडे हसले. मग त्यांनी पत्र मागून घेतलं आणि बोट ठेवून वाचलं.

"ह्यात मेंढरं कुठं हायती?"

पत्राची घडी त्यांनी खिशात घातली. दुसऱ्या दिवसापासून मी 'साहेब' झालो, 'तुम्ही' झालो. वाघिणीपाशी त्यांनी मला पुन्हा कधी बोलावलं नाही.

पुढे ऑफिसात संगणक आले, आप्पा निवृत्त झाले. एकदा मी खुटबावला गेलो. त्यांनी पाहुण्याला देतात तशी बशीसकट कपात चहा दिला.

"आप्पा, सोडा की आता ते."

"पत्रातलं खरं हुतं, साहेब," ते म्हणाले. "त्यानं मी मोडलो नसतो. तुम्ही फुडं एक आकडा लावलात."