बकेटखाली दादा

ट्रॅक्टरच्या लोडरची बकेट, म्हणजे पुढचं माती उचलायचं लोखंडी सुपडं, दगडाला अडकून वाकली, तेव्हा दादाने ती अंगणातच सरळ करायला घेतली. आधी तिला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला आणि मग वर उचललेल्या बकेटखाली जॅक घेऊन तो स्वतः शिरला. एवढं लोखंड नुसत्या तेलाच्या दाबावर अधांतरी होतं.

"खाली ओंडका तरी लाव," मी म्हणालो.

"पूजा झालीय की. तू आपला पेपर वाच."

लोखंड करकरलं तसा मी पेपर बाजूला ठेवला. यंत्राला आपण देव करतो, ते बहुधा त्याची भीती वाटायला नको म्हणून.

वहिनीने सरपणातला जाड ओंडका आणून बकेटखाली उभा केला. थोड्याच वेळात तेलाचा पाइप फुटला आणि बकेट धाडकन ओंडक्यावर टेकली.

दादा सरपटत बाहेर आला. मग उरलेलं कुंकू त्याने ओंडक्याला लावलं.