युसूफभाईंनी उभं केलेलं इंजिन

राजूर घाटात माझ्या जीपचे ब्रेक लागले नाहीत, ती चूक माझी होती. पंधरा वर्षं मोताळ्यात आणि आसपासच्या गावांत ती युसूफभाईंची चूक म्हणून सांगितली जाते. तसं सांगायला सुरुवात मी केली, आणि नंतर गप्प राहिलो. ते गेल्याचं कळलं तेव्हा मी सकाळी माझ्या पंपाच्या सुट्या भागांच्या दुकानाचं शटर वर करत होतो. शेजारचा पानवाला म्हणाला, "गजूभाऊ, युसूफ मिस्तरी गेले. मय्यतीले येता का रोहिणखेडले?" हात शटरवरच राहिला. त्या क्षणी मनात जे आलं ते लपवून हा लेख लिहिण्यात अर्थ नाही... मला हलकं वाटलं. आता हा माणूस कधीच कुणाला काही सांगणार नाही, असं वाटलं. मग त्या हलकेपणाची इतकी भीती वाटली की मी पायरीवरच बसलो. मय्यतीला गेलो, पण खांदा द्यायला पुढे झालो नाही. रस्त्याच्या कडेकडेनं, सगळ्यांच्या मागे चालत राहिलो.

युसूफभाई मूळचे रोहिणखेडचे. मोताळ्याच्या रस्त्याला त्यांचं पत्र्याचं दुकान होतं, त्यात एक जुना लेथ आणि वेल्डिंगचं सामान. नांगराचे फाळ, पंपाचे शाफ्ट, बैलगाडीचे आस, काहीही करून द्यायचे. पण त्यांचा जीव इंजिनात. एका गाडीचं इंजिन काढून दुसरीत बसवायचं म्हटलं की त्यांना जेवणाची शुद्ध राहत नसे. चष्म्याची एक काडी तुटलेली, तिथे तांब्याची तार बांधलेली. बोलणं कमी, टोमणे जास्त.

माझी जीप तेव्हा कापूस वेचणाऱ्या बायांना शेतांवर ने-आण करायची. बीटीचं बियाणं येऊन काही वर्षं झाली होती. बोंडं एकदम फुटायची, सगळ्यांचा कापूस एकाच आठवड्यात वेचायला यायचा, आणि जो तो मजूर बायांसाठी फोन करायचा. जीपचं जुनं इंजिन घाट चढताना इतकं तापायचं की बाया उतरून चालायच्या आणि माझ्या आधी वर पोचायच्या. "भाऊ, तुमची जीप आम्हीच नेतो ना ढकलत," असं सुमनबाई म्हणायची आणि सगळ्या हसायच्या. सुमनबाई त्या टोळीची मुकादमीण, वेचण्यात तिचा हात कुणी धरू शकत नसे.

त्या सुमारास मलकापूरच्या भंगारवाल्याकडे मागून चेपलेली एक छोटी मोटार आली. पुढचं इंजिन शाबूत होतं, टर्बोचं डिझेल. टर्बो म्हणजे निघणाऱ्या धुराच्या जोरावर फिरणारा छोटा पंखा, तो इंजिनात जास्तीची हवा कोंबतो आणि ताकद वाढवतो. युसूफभाईंनी ते पाहिलं, हात फिरवला आणि मला म्हणाले, "गजू, हे तुया जीपीत टाकू." अडचण एकच होती, पण मोठी होती. छोट्या मोटारीला पुढची चाकं ओढतात, म्हणून तिचं इंजिन बॉनेटखाली आडवं असतं. जीपला मागची चाकं ढकलतात, तिथे ते लांबीत, उभं बसावं लागतं.

"आडवं हाये हे," ते म्हणाले, "तुयासारखंच. दोघायलेही सरळ करा लागते."

महिनाभर मी रोज तिथे बसलो. इंजिनाच्या तोंडाला ऑइल चोपडून त्यावर बियाण्याच्या खोक्याचा पुठ्ठा दाबायचा, म्हणजे प्रत्येक छिद्राचा ठसा उमटतो. तसाच दुसरा ठसा जीपच्या गिअरबॉक्सचा. दोन्ही ठसे जुळवून त्यांनी जाड लोखंडी प्लेट कापली, ती दोघांच्या मधे बसवली. पुठ्ठ्यावर एका बाजूला टपोऱ्या बोंडाचं चित्र आणि दुसऱ्या बाजूला तेलाची ती काळी वर्तुळं... ते तासन् तास त्याकडे बघत बसायचे. केसभर फरक राहिला तर क्लच जळेल, म्हणायचे. ऑइलची टाकी खालच्या ॲक्सलला अडत होती, ती कापून पुन्हा जोडली. सगळं जमलं, पण शेवटी एक गोष्ट राहिली.

इंजिनाच्या टोकाला एक पंप असतो. तो हवा ओढून घेतो, आणि त्या ओढीमुळे ब्रेकच्या पेडलला जोर मिळतो. पंप नसेल तर ब्रेक लागतात, पण चालकाच्या एकट्या पायाच्या ताकदीवर. मोटारीत तो बाजूला होता. इंजिन उभं केल्यावर नेमका ड्रायव्हरच्या पायापुढच्या पत्र्याला भिडला. युसूफभाईंनी तो काढून त्या जागी झाकण लावलं. "पत्रा कापून खोबणी करतो, मंग पंप बसते. दोन दिवस दे," म्हणाले.

मला दोन दिवस नव्हते. घाटावरच्या एका शेतकऱ्याचा कापूस फुटून लोंबत होता, आभाळ भरून येत होतं, आणि मी त्याला शब्द दिला होता. मी चावी मागितली. त्यांनी ती खिळ्यावरून काढून दिली.

"घेऊन जा. पन खालच्या खालीच चालव. ब्रेक लय जड लागन. घाट उतरू नको. आयकून राह्यला का बे?"

"हाव," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी मी अकरा बाया घेऊन घाट चढलो. जीप अशी चढली की बाया टाळ्या वाजवायला लागल्या. टर्बोची बारीक शिट्टी ऐकून सुमनबाई म्हणाली, "आता हे तं विमान झालं!" मला वाटलं, मिस्तरी उगाच घाबरवतात. येतानाही हाच रस्ता आहे, याचा मी विचार केला होता. केलाच नव्हता, असं मी नंतर स्वतःला सांगत आलो, पण ते खरं नाही. केला होता, आणि बाजूला सारला होता.

परतताना ऊन कलतं होतं. दुसऱ्या वळणाआधी ब्रेकवर पाय ठेवला तर दगडावर ठेवल्यासारखा वाटला. मी सीटवरून उठून दाबला, दोन्ही पायांनी दाबला. जीप थोडी आखडली, पण थांबली नाही. मागे गप्पा चालू होत्या. मग एकेक आवाज बंद होत गेला, आणि नुसती ती शिट्टी राहिली. "भाऊ, हळू ना..." कुणीतरी म्हणालं. मी मागे वळून पाहू शकलो नाही. समोर कठडा होता आणि कठड्यापलीकडे काही नव्हतं. खालचा गिअर बसेना. हँडब्रेक ओढत मी स्टिअरिंग डोंगराच्या बाजूला फिरवलं. जीप नालीत उतरली, खडकाला घासत गेली आणि कलंडून थांबली.

सगळ्या जिवंत होत्या. सुमनबाईनं बाहेरची दांडी धरली होती. दांडी आणि खडक यांच्यामधे तिचा उजवा हात सापडला.

दवाखान्याच्या दारात बायांचे नवरे, भाऊ जमले. सगळे माझ्याभोवती. "ब्रेक काऊन नाही लागले?" एकानं माझी कॉलर धरली होती. मला इतकी भीती वाटली की जिभेवर जे पहिलं आलं ते बोललो, "युसूफभाईनं गाडी तशीच देली मले." वाक्य खोटं नव्हतं, म्हणून ते चाललं. पंप नव्हता हे खरं होतं. त्यांनी दिलेली ताकीद तेवढी मी गिळली.

दुसऱ्या दिवशी ते लोक युसूफभाईंच्या दुकानावर गेले. मी समोरच्या चहाच्या टपरीवर होतो. त्यांनी पुठ्ठे फाडले, अवजारं रस्त्यावर फेकली. एकानं लेथवर घण घातला. जमाव, आणि मधे एकटा तो माणूस, चष्मा हातात घेऊन उभा. युसूफभाईंनी माझ्याकडे पाहिलं. आता बोलतील, मला वाटलं, आता बोट दाखवतील... ते एवढंच म्हणाले, "गाडी माह्याच हातानं बनली होती." लोक शिव्या देत निघून गेले. टपरीवाल्यानं मला दुसरा चहा दिला आणि मी तो प्यायलो.

आठवड्यानं त्यांचा निरोप आला, जीप आण, पंप बसवायचा आहे. नाही म्हणायलाही भीती वाटत होती, म्हणून गेलो. त्यांनी पत्रा कापला, खोबणी केली, पंप बसवला. इंजिन बंद ठेवून मला ब्रेक तीन-चारदा दाबायला लावला, तो कडक झाला. मग पाय तसाच ठेवून इंजिन चालू करायला सांगितलं, आणि पेडल मऊपणे खाली गेलं. "समजलं? आता जोर आला," म्हणाले. मी मान हलवली. मग त्यांनी विचारलं, "सुमनचा हात कसा हाये रे? मी दवाखान्यात गेलो होतो, तिच्या घरच्यायनं आत जाऊ नाही देलं." मी म्हणालो, बरा आहे. तो बरा नव्हता. तिची दोन बोटं आजही मिटत नाहीत. पुढे ती डाव्या हातानं वेचायला शिकली, पण मुकादमी गेली.

त्यानंतर कुणी त्यांच्याकडे इंजिन बदलायला आलं नाही. फाळ आणि शाफ्ट, एवढंच काम उरलं. पुढे बोंडअळी आली. बोंडं फुटण्याआधीच आतून किडायला लागली, शेतकऱ्यांनी कपाशीच्या उभ्या पऱ्हाट्या उपटल्या, वेचायला कुणाला बोलावणंच बंद झालं. मी जीप विकून दुकान टाकलं. युसूफभाईंच्या दुकानावरून जायला नको म्हणून गावातून वळसा घालायचो. ते कुठे दिसले की मी रस्ता बदलायचो. त्यांनी कधीच काही म्हटलं नाही, उलट लांबूनच हात वर करायचे. त्यांनी एकदा तरी शिवी दिली असती तर मी कदाचित तेव्हाच बोललो असतो... पण हेही निमित्तच.

त्यांच्या चाळिसाव्याला, मृत्यूनंतरच्या चाळिसाव्या दिवसाच्या विधीला, मला बोलावणं आलं, त्यांच्या बायकोकडून, झुबेदाभाभींकडून. त्या दिवशी आधी सुमनबाईकडे गेलो. म्हटलं, चला माझ्याबरोबर. ती भडकली, "त्या मिस्तरीच्या घरी? मी काऊन येऊ?"

"तुमच्या हाताचं सांगायचं हाये," मी म्हणालो. तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि पायात चप्पल घातली.

रोहिणखेडच्या त्या अंगणात वीस-पंचवीस माणसं बसली होती. त्यात दुकानावर गेलेल्यांपैकी दोघे-तिघे होते. अपघाताच्या दिवशी दवाखान्याच्या दारात वाटली होती तीच भीती पुन्हा आली. चारचौघांत बोललेलं चारचौघांतच फिरवायला हवं होतं. मी उभा राहिलो. भाभी दाराशी आल्या, त्यांच्या शेजारी सुमनबाई, उजवा हात पदराखाली.

मी म्हणालो, "सुमनबाई, तुमचा हात माह्यामुळं गेला. युसूफभाईनं गाडी सांगून देली होती. घाट उतरू नको म्हणले होते. मी हाव म्हणलो अन् उतरलो. तुम्ही सगळे त्यायच्या दुकानावर गेले तवा मी समोरच चहा पिऊन राह्यलो होतो, बोललो नाही. भाभी, ते असताना बोलाले पायजे होतं. नाही बोललो. मी भेलो होतो. मले माफ करा."