निळ्या फुलांचा वाफा

ओल्या हळदीचा वास आला की झरी गावातलं आमचं अंगण आठवतं. फौजेतल्या भावानं काश्मीरहून आयरिस या निळ्या फुलाचे कंद आणले होते. "अर्धे उघडे ठेवा, ऊन लागू द्या," असं त्यानं बजावलं होतं. "कंद मातीत ऱ्हातो, उन्हात न्हाई," म्हणत जन्मभर हळद लावलेल्या वडिलांनी ते खोल पुरले, आणि ते सडले. अंथरुणाला खिळलेल्या आईला मात्र निळं फूल बघून जायचं होतं. "कोंब आला का?" ती रोज विचारी. शेवटी वडिलांनी गुपचूप तिथं हळद लावली. पानं दिसली तशी आई हसली. मी घरातला शहाणा, खरं सांगायला वाकलो, तर ती हळूच म्हणाली, "हळदीचं पान मला कळंना का रे? ह्यांना काई बोलू नको." पानं पिवळी पडायच्या आत ती गेली. वडील अजून त्याला निळ्या फुलांचा वाफा म्हणतात, आणि शहाणा मीही.