बुटके शॉकअप

मानकोलीच्या वळणावर माझा धाकटा दीर फटफटीखाली पडला होता. हँडल छातीत रुतलं होतं. मी रस्त्याकडेच्या मातीत बसून बघत होते. तो म्हणाला, "वहिनी, आधी पेट्रोलचा कॉक बंद कर. वाया जातंय." यंत्राची एवढी काळजी आणि स्वतःची एवढी हेळसांड करणारा माणूस आमच्या वळ गावात दुसरा झाला नाही.

तो तीस वर्षं जॉबर होता, म्हणजे कापड विणायचे बिघडलेले लूम दुरुस्त करायचा. त्या खडखडाटात कान गेले. माणसांचं बोलणं ऐकू यायचं नाही, पण कुठला नट सैल आहे ते भिंतीपलीकडून सांगायचा. लग्न केलं नाही. बायको बोलेल ते ऐकू येणार नाही, उगाच तिची फसवणूक, म्हणायचा. दाराच्या बिजागऱ्या, माझं शिलाई मशीन, शेजाऱ्यांचा झोपाळा, दिसेल त्यात तेल घालायचा. माझे मालक वारले तेव्हा घर रडत होतं आणि हा शववाहिनीच्या बॉनेटला कान लावून उभा. ड्रायव्हरला म्हणाला, "भाई, इंजन में टॅपेट बज रहा है. दस मिनट रुक." मी चिडले, तर मला म्हणतो, "दादाला वाटेत धक्का मारत न्यायचं हाय काय?"

फटफटी सासऱ्यांच्या वेळची. माझे गुडघे गेले, तिच्यावर चढता येईना, म्हणून पौर्णिमेला शेलार गावच्या बुद्धविहारात जाणं बंद झालं. मी तक्रार केली नव्हती. एका रविवारी त्याने अंगणात गाडी खोलली, मागचे शॉकअप काढून बुटके बसवले, पुढच्या चाकाचे पाइप वर सरकवले, आणि सीट चार बोटं खाली आणली. मग माझ्या वजनाचं सुताचं पोतं मागे बांधायला घेतलं. लूम असो की गाडी, माल चढवून पाहिल्याशिवाय तो चालू करायचा नाही. त्याने विचारलं, "वहिनी, तुझं वजन किती?" त्याला काही सांगायचं म्हणजे ओरडावं लागे, आणि अंगणात आळीतल्या चार बाया पापड वाळत घालत होत्या. मी ओरडून पंचावन्न किलो सांगितलं. मी सत्तरची आहे. पंचावन्नचं पोतं घेऊन तो गावभर फिरून आला. "खालचा स्टँड रस्त्यापासून दोन बोटं वर राहतो," म्हणाला, "कापायची गरज न्हाय."

पौर्णिमेला निघालो. मानकोलीच्या वळणावर गाडी कलली, खड्ड्यात बसली, आणि स्टँड डांबराच्या कडेला अडकला. मी मातीत फेकली गेले, तो गाडीखाली.

कॉक मी बंद केला. लोक गाडी उचलायला धावले. त्याचं लक्ष स्टँडकडेच. "टेकला कसा? पोत्याला तर टेकला न्हाय," पुन्हा पुन्हा तेच. माझ्याच्याने ऐकवेना. कानाशी तोंड नेलं आणि ओरडले, "भावोजी, मी सत्तर किलोची आहे. मी खोटं सांगितलं." जमलेल्या सगळ्यांनी ऐकलं. त्याने माझ्यावरून स्टँडकडे नजर नेली. मनात काहीतरी जुळवत असावा. मग चेहरा सैल पडला.

"मग टेकणारच," तो म्हणाला. "माझं काम बरोबर होतं."

दवाखान्यात पोचायच्या आत तो गेला. माझा कोपर खरचटला होता. मी वाचले.